पेपरातून वर्गात: शिकवणं, संशोधन आणि गावातलं काम एकत्र जमतं का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वय ३४, पत्रकारितेत एम.ए., लातूरकडच्या एका दैनिकात ९ वर्षं उपसंपादक, घरी पाच वर्षांची मुलगी, आणि रोज मध्यरात्रीनंतर पान छपाईला सोडून घरी जायचा आता कंटाळा आलाय. प्रश्न असा: "जनसंज्ञापनाचा प्राध्यापक शिकवतो, संशोधन करतो आणि समाजातही काम करतो, असं प्रत्येक विभागाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. तिन्ही खरंच होतं का, की एक होतं आणि दोन कागदावर राहतात? आणि यासाठी मी नोकरी सोडावी का?"

मी सहा वर्षं बातमीदारी केली आणि गेली २४ वर्षं एका विद्यापीठाच्या विभागात शिकवतेय, तेव्हा दोन्ही बाजूंचं थोडंफार पाहिलंय. पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बहुतेकांचं एकच होतं, आणि ते शिकवणंच असेल याचीही खात्री नाही. प्रवेश, परीक्षा, नॅकच्या (संस्थेच्या मूल्यांकनाच्या) फायली यांतच वर्ष सरतं असे सहकारी मी खूप पाहिलेत, आणि त्यात नेहमी त्यांचा दोष असतो असंही नाही. पण तुम्ही दोन वेगळे प्रश्न एका गाठीत बांधलेत. एक पोटाचा आहे आणि एक कामाचा. पोटाचा आधी उलगडू, कारण त्याचं उत्तर चुकलं तर कामाच्या गप्पांना अर्थ राहत नाही.

जाहिरातीत 'सहायक प्राध्यापक' हे एकच पद दिसतं, पण त्याच्या आत तीन वेगवेगळी आयुष्यं आहेत. मंजूर, कायम, अनुदानित जागा मिळाली तर लेव्हल १० या वेतनस्तरावर ५७,७०० रुपये मूळ वेतनापासून सुरुवात, वर भत्ते. विनाअनुदानित संस्थेत संस्था देईल तो पगार, आणि तो कधी होईल तेही संस्थाच ठरवणार. तिसरं तासिका तत्त्व, म्हणजे सीएचबी. जेवढे तास घेतले तेवढं मानधन, तासांना मर्यादा, सुट्टीत काही नाही, आणि बिल निघेपर्यंत पुढचं सत्र सुरू झालेलं. मराठवाड्यात पत्रकारिता शिकवणाऱ्यांमध्ये तिसऱ्या प्रकारचे लोक भरपूर आहेत, आणि त्यांतले कित्येक माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. कायम जागा कधी निघेल हे बिंदुनामावली (आरक्षणानुसार जागांचा तक्ता), शासनाची परवानगी आणि नशीब यांवर अवलंबून असतं. त्यामुळे "किती वर्षांत लागेन?" याचं उत्तर मी कुणालाच देत नाही.

पात्रतेचं त्या मानानं सोपं आहे. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट (देशपातळीची) किंवा सेट (राज्यपातळीची) ही पात्रता परीक्षा. सेट आपल्याकडे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. दोन्हींचा साचा एकच: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही. ती जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला आहे, आणि वयाची सवलत मिळत नसेल तर ती गाडी तुमची चुकलीय. मधल्या काळात विद्यापीठांच्या विभागांसाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती. २०२३ मध्ये ती सक्ती उठली. तरी मुलाखतीला गेलात की समोरच्या दहांपैकी आठ जण पीएच.डी.वाले दिसतील, आणि पुढे सहयोगी प्राध्यापकपदापर्यंतही त्याशिवाय पोचता येत नाही.

आता कामाबद्दल.

पेपरातून आलेला माणूस पहिल्या वर्षी वर्गात काय करतो? किस्से सांगतो. मीही तेच केलं. दंगलीच्या रात्री ऑफिस कसं चाललं, मंत्र्याने फोन करून काय सुनावलं. पोरं मन लावून ऐकायची आणि मला वाटायचं, झकास चाललंय. सत्र संपताना मी चिठ्ठ्या लिहून घेतल्या. औशाच्या एका मुलीने लिहिलं होतं, "मॅडमच्या गोष्टी छान असतात, पण बातमीचा इंट्रो कसा लिहायचा ते अजून कळलं नाही." ती चिठ्ठी बरीच वर्षं माझ्या खणात होती.

त्यानंतर मी किस्से बंद केले आणि कॉपी, म्हणजे बातमीचा कच्चा मजकूर, हातात घेतली. एक वाक्य फळ्यावर लिहायचं, उदाहरणार्थ: 'तालुक्यातील नागरिकांना भीषण पाणीटंचाईचा सामना करावा लागत असल्याचे चित्र पाहावयास मिळत आहे.' हे वाक्य तुम्ही नऊ वर्षांत किती वेळा पास केलं असेल ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मग वर्गाला विचारायचं: गावं किती? टँकर किती? खेपा मंजूर किती आणि प्रत्यक्षात किती झाल्या? 'चित्र' कुणी पाहिलं, कुठे उभं राहून? 'भीषण' हे कुणाचं मत? उत्तरं नसतात. मग पोरं तहसीलला फोन लावतात, कुणी ग्रामसेवकाला गाठतं, आणि पुढच्या तासाला तेच वाक्य 'सात गावांना मंजूर १४ खेपांपैकी मंगळवारी नऊच झाल्या' असं होऊन येतं. यात माझं कौशल्य काही नाही. तुमच्यासारखा उपसंपादक हे झोपेत करतो. फरक इतकाच की तिथे तुम्ही कॉपी दुरुस्त करून मोकळे होता. इथे ती दुरुस्त करायची नाही. चूक जिच्या हातून झाली तिलाच ती सापडेपर्यंत गप्प बसायचं, आणि हे गप्प बसणं डेस्कवरच्या माणसाला फार जड जातं.

शिवाय गणित करा. वर्ग ४० जणांचा, एका कॉपीला आठ मिनिटं म्हटली तरी ५ तास २० मिनिटं होतात, आणि ही आठवड्यातली एकच असाइनमेंट झाली. नियमाने सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे. कॉपी तपासण्याचे तास त्यात कुणी धरत नाही. विभागात सातपैकी पाच पदं रिकामी असतील (आणि असतातच), तर त्या १६ चे किती होतात हे विचारू नका.

संशोधनाबद्दल पत्रकारांचे दोन गैरसमज असतात. एक, ते म्हणजे मोठी बातमी. दुसरा, ते म्हणजे जड मराठीत लिहिलेला मोठा लेख. माझ्याकडे दर वर्षी 'ग्रामीण विकासात मराठी वृत्तपत्रांचे योगदान: एक चिकित्सक अभ्यास' या चालीचे चार तरी प्रस्ताव येतात. मी एकच विचारते, "योगदान नाही असं निघालं, तर ते तुम्हाला कशावरून कळेल?" बहुतेक जण इथे थांबतात. जो विषय चुकूच शकत नाही, त्यावर पाच वर्षं घालवून हाती काय येणार?

कागदोपत्री सांगायचं तर नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. किमान तीन वर्षं, कोर्सवर्क धरून. २०२२च्या नियमांपासून प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणायची केंद्रीय सक्ती राहिलेली नाही, पण तुमचं विद्यापीठ काय म्हणतं ते बघा. गाइड मिळणं हा सगळ्यात अवघड टप्पा, कारण एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायककडे चारच जागा असतात, आणि आपल्या विषयात गाइडच थोडे. आणखी एक. तुमचं नाव कुठल्याही यादीत गेलं की "आपला लेख सात दिवसांत प्रसिद्ध करू, शुल्क अमुक" असले मेल सुरू होतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसीने) मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी काढली होती ती ही घाण रोखायला. ती यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता कोणतं नियतकालिक खरं हे ज्याचं त्याने ओळखायचं. माझी चाचणी साधी आहे: लेख नाकारला गेल्याचं आठवणारा एक तरी माणूस ओळखीत असला पाहिजे.

तुमच्या प्रश्नातला तिसरा भाग, समाजातलं काम, आणि त्याची बाकी दोहोंशी सांगड, हे मला एका गावात कळलं. ते जरा तपशिलात सांगते.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातलं गाव. दूध आणि खवा हा तिथला धंदा. विभागातली पोरं घेऊन आम्ही 'माहिती कुठून मिळते' याचं सर्वेक्षण करायला गेलो. ३२ प्रश्नांची प्रश्नावली, अगदी शिस्तशीर. सातवा प्रश्न: 'आपण स्मार्टफोन वापरता का?' घराघरांतून बायका "नाही" म्हणत होत्या आणि पोरं खूण करून पुढे सरकत होती. एका ओसरीवर मी सहज बसले होते. मावशीने फॉर्मवर 'नाही' सांगून पाच मिनिटंही झाली नसतील, तिने नातवाला हाक मारली, "भट्टीवाल्याचा आवाज आलाय का बघ रे." नातवाने व्हॉट्सअ‍ॅपवरचा व्हॉइस मेसेज लावला, दुधाचा भाव ऐकवला, फोन तिच्या तोंडापुढे धरला, आणि तिने ठणकावून सांगितलं की या भावात उद्या दूध घालणार नाही. आमच्या फॉर्मवर ही बाई फोन न वापरणारी!

रात्री शाळेच्या खोलीत बसून आम्ही सातवा प्रश्न खोडला. त्याच्या जागी तीन प्रश्न घातले: फोन कुणाचा, लावून कोण देतं, बोलतं कोण. दोन दिवसांची मेहनत वाया गेली, पण माझ्या पुढच्या दहा वर्षांच्या कामाचं बी त्या ओसरीवर पडलं.

त्याच मुक्कामात एक म्हातारी अजून खरं बोलली. "मागल्या सालीबी पोरं आल्ती. लिहून नेलं. पुढं काय झालं त्येचं?" मागच्या वर्षी आलेली पोरंही आमचीच होती. अहवाल विभागाच्या कपाटात होता. मी काहीतरी पुटपुटले; उत्तर नव्हतं.

दोन महिन्यांनी आम्ही परत गेलो आणि काय सापडलं ते मारुतीच्या पारावर वाचून दाखवलं. वीस-बावीस माणसं आली, निम्मी उत्सुकतेने, निम्मी रिकामी होती म्हणून. आमच्या निष्कर्षांत एक मुद्दा वीज पडण्याच्या इशाऱ्याचा होता. मराठवाड्यात वळवाच्या दिवसांत वीज पडून माणसं, जनावरं जातात हे तुम्हाला सांगायला नको. त्या बातम्या तुमच्याच डेस्कवरून जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' अ‍ॅप काढलंय, ते आसपास वीज पडण्याचा धोका असला की फोनवर इशारा देतं. आम्ही मोठ्या विद्वत्तेने सुचवलं की अ‍ॅपचा प्रचार वाढवावा. मागे बसलेला एक मेंढपाळ म्हणाला, "फोन पोरासंगं तालुक्याला. मी माळावर. वीज माळावर पडती." सगळे हसले. मी मात्र ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. इशारा फोनपर्यंत पोचतो, पण धोक्याच्या वेळी फोन धोक्याच्या जागी नसतो. पुढे मी जे काही लिहिलं ते या एका फटीबद्दल आहे.

उपायही तिथेच निघाला. ग्रामपंचायतीचा भोंगा नळाला पाणी सुटल्याची दवंडी देतोच, तर इशारा आल्यावर पोरांनी शिपायाला सांगायचं आणि त्याने भोंग्यावर. पहिल्या पावसाळ्यात बरं चाललं. दुसऱ्या वर्षी अ‍ॅम्प्लिफायर जळाला आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर आठ महिने गेले. यामुळे कुणाचा जीव वाचला असा दावा मी कुठेही केलेला नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण अ‍ॅम्प्लिफायरचे ते आठ महिने माझ्या निबंधातला सर्वांत उपयोगी भाग ठरले, कारण योजना कुठे मरते ते त्यातून दिसलं.

ही पद्धत मी शोधली असं समजू नका. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. सुमारे दीडशे गावं, आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, एकूण वीस. गावकऱ्यांनी मंडळ करून ऐकायचं, त्यावर बोलायचं, आणि प्रश्न केंद्राकडे कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. त्यासाठी मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली, अशी तुलना केली. मंडळाच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली, नुसत्या रेडिओच्या गावांत फारशी नाही. प्रसारण, अभ्यास आणि गावाचं काम ही तीन कामं एकाच उपक्रमात, आणि तेही आपल्या भाषेत. संज्ञापनाच्या जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग सापडतो. आपल्या पोरांना मात्र तो परीक्षेपुरता, एका टिपेएवढा माहीत असतो.

तर तिन्ही कामं जमतात का? मला जमली ती तीन केली नाहीत म्हणून. गाव एक, प्रश्न एक. खोडलेला सातवा प्रश्न आज माझ्या संशोधनपद्धतीच्या पेपरमधला पहिला तास आहे. मेंढपाळाचं वाक्य शोधनिबंधात आहे. फील्ड प्रोजेक्टची पोरं दर वर्षी त्याच तालुक्यात जातात आणि आधीच्या वर्षीचा अहवाल वाचून दाखवल्याशिवाय नवा फॉर्म काढत नाहीत. सहकारी नावं ठेवतात, "मॅडमचं आपलं भूमच चालू आहे." चालू दे. दर वर्षी नवं गाव, नवा बॅनर आणि सरपंचासोबत फोटो, हा प्रकार उन्नत भारत अभियानाच्या नावाखाली मी बराच पाहिलाय. त्या अभियानातली पाच गावं दत्तक घ्यायची कल्पना वाईट नाही, पण त्या पाच गावांतली माणसं आपल्या विभागाला नावाने ओळखतात का, ते बघा. आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत, म्हणजे वेळापत्रकात निदान हक्काची जागा तरी मिळाली. आमच्या वेळी हे रविवारी आणि पदरच्या पेट्रोलवर चालायचं.

किंमतही सांगते. एकाच तालुक्यात राहिल्यामुळे माझे निबंध कमी आहेत, आणि बढतीच्या गुणांत मी दोनदा मागे पडले. परदेशातल्या परिषदेला एकदाच गेले. लेखन झालं ते दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत, आणि त्या सुट्ट्या घरच्यांच्याही होत्या. तुमची मुलगी पाच वर्षांची आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तेव्हा नोकरी सोडू का, याला माझं उत्तर: आत्ता नको. तुमची पाळी संध्याकाळची असणार, म्हणजे सकाळ मोकळी. त्या सकाळींतून दोन तास सेटला द्या. आणि जवळच्या एखाद्या कॉलेजात आठवड्याला दोन तासांचा एखादा पेपर व्हिजिटिंग म्हणून घ्या. मानधनाकडे बघू नका, स्वतःकडे बघा. चाळीसावी कॉपी तपासताना चिडचिड होते, की अजून कुतूहल शिल्लक असतं? एका सत्रात कळेल. चिडचिड होत असेल तर पगार वाढला म्हणून ती जाणार नाही, आणि मग रात्रपाळीचा कंटाळा घालवायला दुसरी काही वाट शोधा.

'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगेलच. नेट-पीएच.डी.शिवाय अनुभवी व्यावसायिकांना घ्यायची ही सोय यूजीसीने २०२२ मध्ये काढली. तिला १५ वर्षांचा अनुभव लागतो, तुमची सहा कमी आहेत, आणि मुदत वाढवून वाढवून चार वर्षांच्या पुढे जात नाही. पन्नाशीतल्या संपादकाला ठीक. मुलीचं शिक्षण पुढे असलेल्या माणसाने या सोयीवर घर चालवू नये.

मुलाखतीला एखाद्या विभागात गेलात, तर बाहेर बसल्या बसल्या दोन गोष्टी विचारून घ्या: कायम माणसं किती, आणि गेल्या वर्षीचा फील्ड प्रोजेक्टचा अहवाल बघायला मिळेल का. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे यावर चर्चा सुरू झाली, तर तिथे काय चालतं ते तुम्हाला समजेल.

पीएच.डी.चा विषय आत्ताच ठरवू नका. तालुक्यांचे वार्ताहर रोज तुम्हाला कॉपी पाठवतात ना? त्यांतला एक असा असेलच, जो तीनशे शब्द मागितले की नऊशे पाठवतो, आणि तुम्ही वैतागून खालचे सहाशे कापता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जा, चहा घ्या, आणि ते कापलेलं कशाबद्दल होतं ते विचारा.